मारुतीअण्णांना नशीब चालत नाही

मारुतीअण्णांना कुणी शुभेच्छा दिल्या तर ते त्या परत करतात. 'ऑल द बेस्ट' एकवेळ चालतं. पण 'गुड लक' म्हणालात की लेथ बंद, चष्मा कपाळावर, आणि प्रश्न, "माझ्या हातात काय खोट दिसली तुम्हांला?" समोरच्यानं शब्द मागे घेतल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नाही. आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या साहेबांनीसुद्धा ते निमूटपणे मागे घेतले आहेत.

बंगळुरातल्या पीण्या भागातल्या आमच्या छोट्या कारखान्यात अण्णा लेथवर आणि मी तपासणीला. त्यांनी कातून दिलेला प्रत्येक भाग मी मापायचा. सहा वर्षांत मी त्यांचा एकच भाग परत पाठवला. नंतर कळलं की माझंच मापयंत्र बिघडलं होतं. मी यंत्राला नावं ठेवायला लागले तर म्हणाले, "त्याला कशाला बोलता अक्का? शून्यावर हाय का बघितलं नव्हतं तुम्ही." माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. मूळचे निपाणीकडचे. त्यामुळे माझ्याशी मराठी, बाकी सगळ्यांशी कानडी, आणि मशीनशी दोन्ही.

आयुधपूजेला कारखान्यात पुजारी येतात. एका वर्षी ते अण्णांच्या लेथवर लिंबू ठेवायला लागले. अण्णांनी विचारलं, "उद्यापासून तेल घालू की हेच पिळू?" हार मात्र त्यांनी स्वतः घातला. "हार तिच्या हक्काचा हाय. वर्षभर काम केलंय तिनं."

चिकपेटेच्या बाजारातला प्रकार माझ्यासमोरच झाला. आम्ही कारखान्यासाठी कानशी आणायला गेलो होतो. जाता जाता अण्णांनी दोन चादरी घेतल्या. दुकानदारानं एका बरणीतून चिठ्ठी काढायला लावली आणि टाळ्या वाजवत प्रेशर कुकर पुढे केला.

"हे कशाबद्दल?"

"लकी ड्रॉ, अण्णा! पहिलं बक्षीस."

"मी काय केलं?"

"काही नाही. नशीब तुमचं."

"मग नको."

बक्षीस नाकारणारं गिऱ्हाईक त्या माणसानं जन्मात पाहिलं नसावं. "तगोळ्ळी अण्णा, घ्या हो," असं तो काकुळतीला येऊन म्हणायला लागला. शेवटी अण्णांचं लक्ष दुकानाच्या शटरकडे गेलं. ते मध्येच अडकत होतं. अर्धा तास खपून त्यांनी ते नीट केलं, हात पुसले आणि कुकर काखेत मारला. "आता सरी, ठीक. आता कमावलाय."

मला ही नोकरी मिळाली ती माझ्या वरच्या नंबरची मुलगी आलीच नाही म्हणून. हे मी एकदा बोलून गेले, तर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मिळाली कशी ते सोडा. टिकवली कुणी?"

यंदा ते तापानं चार दिवस आले नाहीत. एका ड्रॉइंगमधलं माप अडलं होतं, म्हणून मी दुपारी त्यांच्या घरी गेले. अण्णा एकटेच राहतात अशी माझी समजूत होती. दार लोटलं तर खाटेवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, डोळ्यांवर काळा चष्मा. अण्णा अंगात ताप असताना त्यांच्यासाठी भात कालवत होते.

"हा दत्तू. आमच्या गावचा. मला लेथ ह्यानंच शिकवला."

"कोण, तपासणीवाल्या मॅडम काय?" दत्तूअण्णा सावरून बसले. "बरं झालं आलात. एक विचारायचंय. तीस वर्षं झाली. लेथच्या चकात, त्या जबड्यात धरलेला लोखंडाचा जॉब सुटला आणि माझ्या तोंडावर आला. डोळे गेले. हा म्हणतोय, नशीब. मी म्हणतोय, चक मीच नीट आवळला नसणार. तुम्ही सांगा की. नीट आवळलेला जॉब असा सुटतो काय?"

सुटत नाही. जवळजवळ कधीच नाही. मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं होतं, आणि शिकवणारे मारुतीअण्णाच होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाताचे हात जोडले होते.

"सुटतो," मी म्हणाले. "कधीकधी लोखंडातच आत चीर असते. बाहेरून दिसत नाही. नशिबाचा भाग."

"बघ," अण्णा घाईनं म्हणाले. "मी काय सांगतोय इतकी वर्षं? नशीब, दत्तू. नुसतं नशीब."

दत्तूअण्णांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "वाढ की भात."

मी नको म्हणत असताना अण्णा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. तिथं उभं राहिल्यावर आपणहून बोलले.

"त्या दिवशी मशीन मीच धावत जाऊन बंद केली. चक बघितला. अर्धाच आवळलेला होता."

"दत्तूअण्णा घाईत होते का?"

"होय. लेथवर पाळी माझी होती. मला धारवाडला मुलगी बघायला जायचं होतं, तीनच्या गाडीनं. दत्तू म्हणाला, तू आवर, तुझं काम मी उरकतो. मी तिकडं कपडे बदलत होतो."

"मग ती मुलगी?"

"गेलोच नाही की."

लांबून माझी बस येताना दिसली. अण्णांचा ताप उतरला नव्हता. तरी ते दोन पावलं रस्त्यात गेले आणि हात करून त्यांनी ती थांबवली.