दत्तूकाकांच्या गाडीतला पहारा

कबूल करतो, पहाऱ्यावर असताना मी झोपलो. मी पोलीस नाही, सैनिकही नाही. रत्नागिरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. पहारा होता आमच्या शेजारच्या दत्तूकाकांच्या गाडीतला, डावीकडच्या सीटवरचा. झोपलो ते एक वेळ सोडून द्या. त्यानंतर जे बोललो, त्यासाठी हे लिहितोय.

दत्तूकाका मूळचे बुरोंडीचे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक हातात धरून उभा राहणारा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घेतली, तीही सगळ्यात वरचं मॉडेल. का, तर तिला क्रूझ कंट्रोल होता. बटण दाबलं की पाय काढला तरी गाडी ठरलेला वेग धरून राहते. ब्रेकला पाय लागला की सोडते. शोरूममधला सेल्समन म्हणाला, "काका, एकदम आराम." काकांनी त्याला तिथेच झापलं. "आराम? मेल्या, पायाला सुट्टी मिळाली म्हणजे डोळ्यांना डबल ड्युटी!"

जहाज आपोआप चालायला लागलं, तरी कुणीतरी समोर बघत उभं राहतंच. तेच काकांनी गाडीत आणलं. शेजारी पहारेकरी बसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. पहारेकऱ्याने दिसेल ते मोठ्याने सांगायचं, आणि काका जहाजावरच्या शिस्तीने ते जसंच्या तसं परत बोलणार.

"डावीकडे म्हैस."

"डावीकडे म्हैस. ऐकलां."

"पुढे चिऱ्यांचा ट्रक."

"पुढे चिऱ्यांचा ट्रक. ऐकलां."

जरा गप्प बसलं की लगेच, "सांग, काय दिसलां?"

"काही नाही, काका."

"काही नाही असां कधी नसतां. बघ."

मग मी दोरीवरची चादर, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलेला म्हातारा असं काहीही सांगत सुटायचो. एकदा कंटाळून "आभाळ" म्हणालो. तेही ऐकलां.

पाऊस असेल तर बटण बंद. उतार, वळण, पुढे वाहनांची गर्दी, तरी बंद. स्वतःला जांभई आली तर गाडीच बाजूला. आता कोकणातून वळण, उतार आणि पाऊस वजा केल्यावर रस्ता उरतो किती? चिपळूणला जाईपर्यंत बटण लागायचं ते तुकड्यातुकड्यांत. लागलं तरी काकांचा उजवा पाय ब्रेकपाशी असा टपून असायचा, की मांजराने उंदराच्या बिळापाशी काय बसावं!

आणि चिपळूणला काम काय? एकदा आम्ही चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला गेलो. एकदा नुसती खारी आणायला.

"खारी रत्नागिरीत मिळते की," मी म्हटलं.

"मिळते. पण तिला रस्ता लागत नाय," काका म्हणाले.

तो दिवस दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा. पेपर तपासून माझी झोप झाली नव्हती. चिपळुणात जेवलो, परत निघालो, संगमेश्वरच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, काकांनी बटण दाबलं. गाडीतला गारवा अंगाला लागला आणि माझे डोळे मिटले. जाग आली ती पट्ट्याच्या हिसक्याने. आडरस्त्यातून एक रिक्षा न बघता महामार्गावर आली होती. आमची गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती.

"झोपलास?" काकांनी विचारलं.

"नाही, डोळ्यात कचरा गेला."

पुढे घरापर्यंत त्यांनी बटण लावलं नाही.

घरी बायकोने माझा काळानिळा खांदा पाहिला. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "काकांचं वय झालं आता. ब्रेक उशिरा लागला."

एवढंच. पण ते इमारतभर फिरलं. पुढच्या वेळी काकांनी पहाऱ्याला कोण येतं म्हणून विचारलं तेव्हा एकाची कंबर धरली, दुसऱ्याकडे पाहुणे आले. कुणीतरी मस्कतला त्यांच्या मुलीला, सुषमाला, कळवलं. काळजीने तिने फोन करून काकांना गाडी विकायला तयार केलं. गिऱ्हाईकही तिनेच बघितलं. ते रविवारी यायचं होतं.

काका कुणाला काही बोलले नाहीत. जिन्यात भेटले की विचारायचे, "खांदा कसा हाय रे?" जिना बदलता येत नव्हता, म्हणून मी शाळेला निघायची वेळ बदलली.

शनिवारी दुपारी स्कूटर काढायला खाली गेलो. काका गाडीत बसले होते. इंजिन बंद, काचा खाली, पट्टा लावलेला, दोन्ही हात चाकावर.

"समोर भिंत," ते म्हणाले. मग जरा जड आवाजात, "समोर भिंत. ऐकलां."

"उजवीकडे मांजर."

"उजवीकडे मांजर. ऐकलां."

दोन्ही आवाज त्यांचेच होते. इतर कुठल्या दिवशी मी हसलो असतो, वर जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली असती. पण त्या दिवशी दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "जहाजावर तासन्‌तास मी चाकावर असायचो," ते म्हणाले. "बाजूला एक जण उभा. फारसा बोलायचा नाय, पण असायचा. तुझी काकी गेली, घरात तसां कोण उरलां नाय. म्हणून तो नियम केला. गाडीच्या पुस्तकात नाय तो. माझाच हाय."

"काका, मी झोपलो होतो हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"पहाऱ्यावर झोपला हे वर कळलां तर माणसाची नोकरी जायची. बरोबर उभा राहिलेल्याचं नाव मी कसां सांगू?"

मी फोन काढला आणि सुषमाला लावला. काका "र्‍हाऊ दे रे" म्हणत माझा हात धरायला लागले.

"सुषमा," मी म्हणालो, "त्या दिवशी ब्रेक वेळेवर लागला, म्हणून मी आज बोलतोय. झोपलो होतो मी. घरी येऊन खोटं बोललो."

मग ती म्हणाली, "उद्या त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवते," आणि फोन ठेवला. मला ती आणखी काही बोलली नाही. बरोबरच होतं.

मी काकांकडे वळलो. वर्गात मुलांना रोज माफी मागायला लावतो, पण ते शब्द काही नीट जमेनात.

"काका," मी म्हणालो, "खोटं बोललो, आणि वर तुम्हाला चुकवत फिरलो. माझं चुकलं. मला माफ करा."