त्रेचाळीस जागी एकच भाकरी

चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला इंटरनेटनं काय शिकवावं? उलट मीच त्याला चार गोष्टी शिकवीन, असं मी भाचीला ठणकावून सांगितलं.

भाची म्हणजे दाक्षायणी. सोलापूरच्या बाळीवेशीत राहते, कडक भाकरी करते. तिची भाकरी इतकी पातळ, की पलीकडून वर्तमानपत्राचे मथळे वाचता यावेत. आणि इतकी टिकाऊ, की बातमी शिळी झाली तरी भाकरी ताजी! पण आजवर दुकानदार ती आपापल्या नावाच्या पिशव्यांत घालून विकत. दाक्षायणीच्या नावाची पाटी जगात कुठंच नव्हती.

ती लागायची संधी आली होती. पुण्यात भरडधान्यांचा महोत्सव होता आणि त्यात कडक भाकरीचा एकच स्टॉल. संयोजक बाईंनी कळवलं होतं, की येत्या रविवारी नेटवर शोधून बघते आणि पसंत पडेल त्यांना बोलावते. दाक्षायणीचं नेटवर एक साधं पान होतं. शोधलं, की तिसऱ्या नंबरवर यायचं.

"तिसरा नंबर बरा हाय की, मामा," ती म्हणाली.

"तिसरा बरा म्हणणारी मुलं पुढच्या वर्षी चौथी येतात," मी म्हणालो आणि तिचा फोन पासवर्डासकट ताब्यात घेतला.

आधी पानावरचा जुना मजकूर काढून माझा घातला. 'सोलापूरची शान, आरोग्याची खाण, खमंग, खुसखुशीत, आबालवृद्धांच्या पसंतीची' वगैरे, आणि तळाशी सवयीनं 'आपली विश्वासू, अ. ब. क.'. लिहून झाल्यावर मलाच भूक लागली! मग माझी खरी योजना. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, त्रेचाळीस जणांचा. त्यावर फर्मान सोडलं: जिथं जिथं तुमचं खातं असेल, तिथं हा मजकूर उतरवा. काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही.

माझा हिशेब सरळ होता. पाढा एकदा म्हटला तर मुलं विसरतात, त्रेचाळीस वेळा म्हटला तर जन्मभर लक्षात राहतो. मग यंत्राच्या का राहू नये?

मुलं अजून आज्ञेत आहेत हो! आता बँकेत मॅनेजर असलेल्या अनिलकुमारनं तासाभरात मजकूर उतरवला. तिप्पण्णानं तो आपल्या मोटारपंपांच्या पानावर टाकला. मंगळवेढ्याकडच्या बिरुदेवनं आपल्या शेळ्यामेंढ्यांच्या व्हिडिओखाली टाकला. दाक्षायणीला म्हटलं, आता पाटी रंगवायला दे.

गुरुवारी शोधून बघितलं. दाक्षायणी पहिल्या नंबरवर नव्हती. तिसऱ्यावर नव्हती. चौथ्या पानापर्यंत गेलो, तिथंही नव्हती! पहिल्या नंबरवर होता एक मेंढा. कॅमेऱ्यात रोखून बघणारा, शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखा. आणि त्याच्याखाली: 'सोलापूरची शान, आरोग्याची खाण.' तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की बाकीचे निकाल यासारखेच असल्यामुळं वगळले आहेत.

दाक्षायणीची मुलगी काव्या आठवीत आहे, संध्याकाळी माझ्याकडेच शिकायला बसते. तिनं फोन बघितला आणि वही मिटली.

"आजोबा, आम्ही सगळ्यांनी एकच गृहपाठ उतरवून आणला, तर तुम्ही किती वह्या वाचता?"

"एक."

"कुणाची?"

खरं सांगायचं तर, वर्गात ज्याचं वजन जास्त, त्याचीच वही मला अस्सल वाटायची.

"नेटचं पण तसंच आहे," काव्या म्हणाली. "बिरुदेवकाकांचे व्हिडिओ चाळीस हजार लोक बघतात. आईचं पान एकशे बारा. त्याला वाटलं, मूळ वही बिरुदेवकाकांची."

"म्हणजे बाकीच्यांना शिक्षा केली?"

"शिक्षा नाही हो. नुसत्या गठ्ठ्याच्या खाली ठेवल्या."

चूक कळली, की लगेच सुधारावी, हे माझं तत्त्व. शुक्रवारी दुसरं फर्मान सोडलं: मजकूर सर्वांनी ताबडतोब काढून टाकावा. आणि सांगणाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं, हे माझं दुसरं तत्त्व. हातात फोन होताच. 'काढून टाकायचं का?' विचारलं, 'हो' म्हटलं. 'नक्की?' विचारलं, तरी 'हो' म्हटलं. मास्तर एकदा बोलला की बोलला!

ते दाक्षायणीचं पान होतं. अख्खं.

बाकीच्यांनीही भराभर मजकूर काढला. राहिला फक्त बिरुदेव. तो कळप घेऊन माळावर होता, तिथं ग्रुप काही उघडेना. आता साऱ्या इंटरनेटवर तो मजकूर एकाच ठिकाणी उरला होता, मेंढ्याखाली.

दाक्षायणीनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. पिठाला काय लागत होतं कुणास ठाऊक, मला प्रत्येक थाप लागत होती.

रविवारी बाईंनी फोन केला तो अर्थातच बिरुदेवला, त्या व्हिडिओखाली त्याचाच नंबर होता. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं. वारा सुटलेला, आवाज तुटक. बाईंनी विचारलं, रोज दोनशे भाकऱ्या देता येतील का? ह्यानं ऐकलं, बकऱ्या.

"रोज दोनशे? मग दुसऱ्या दिवशी मी काय राखू?"

बाई म्हणाल्या, बरं, शंभर द्या, पण अगदी पातळ हव्यात. बिरुदेवला राग आला. म्हणाला, आमच्याकडं पातळ मिळायची न्हाय, सगळी गुबगुबीत हायत. आणि पाच-सहा गाभण हायत, त्या तर मी कुणालाच देणार न्हाय.

मग बाईंनी एकेक अक्षर सुटं करून 'भा-क-री' म्हटलं आणि बिरुदेवच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ती माझी न्हाय, बाई. मी नुसतं उतरवलंय. भाकरी दाक्षायणीताईची," त्यानं सांगितलं आणि तिचा नंबर दिला.

पाच मिनिटांत इकडं फोन वाजला. दाक्षायणीनं स्पीकर लावला. मी शेजारीच बसलो होतो. बाईंचा सूर वैतागलेला होता. मेंढपाळ म्हणतो तुमची भाकरी, पण तुमचं पान तर कुठं दिसत नाही. मग तुमचीच कशावरून?

दाक्षायणीनं पदराला हात पुसले.

"पान गेलं, बाई. मी सांगते, चालंल का? मालदांडी ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी. मळून मळून हात दुखला, की थापायची, पातळ. भाजली, की चुलीच्या कडंला उभी करायची, आच नुसती लागंल अशी. झाली का न्हाय ते बघून कळत न्हाय. ऐकून कळतं. थांबा."

तिनं एक भाकरी उचलली, फोनजवळ धरली आणि नखानं टिचकी मारली. टण्ण!

"पुन्हा ऐकवा," बाई म्हणाल्या.

टण्ण!

"स्टॉल तुमचा," बाई म्हणाल्या. "पाटीवर तुमचं पूर्ण नाव घालायचं आणि खाली आत्ता बोललात तेच, अगदी असंच. तो शान-खाणवाला मजकूर मात्र नको बाई. त्यात भाकरी सोडून सगळं होतं. कुणी लिहिला होता तो?"

दाक्षायणीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"काय की, बाई," ती म्हणाली. "खाली 'आपली विश्वासू, अ. ब. क.' असं लिहिलं होतं."

परीक्षेतल्या पत्राखाली खरं नाव लिहायचं नाही, अ. ब. क. लिहायचं, हे मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. का, ते त्या दिवशी कळलं!