बांबूत अडलेली मेंढी

मेंढरं विकली तेव्हापासून त्रिंबकआबांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. विकली पोरानं, सुग्रीवनंच. आबांचे गुडघे कामातून गेलेले, त्याला स्वतःला घनसावंगीत खताच्या दुकानात नोकरी. कळपामागं हिंडणार कोण? सगळं पटण्यासारखं होतं, पण बाप अंगणात येरझारा घालायला लागला की पोराचं मन त्याला खायचं. शेवटी त्याच्या बायकोनं, अंजूनं, तोडगा काढला. ओढ्याकाठी बांबूंचा आपसूक झालेला बोगदा आहे, आत वारा असा वाजतो म्हणे की माणसाचा जीव निवतो.

रविवारी बापलेक गेले. दोन्हीकडचे बांबू वर जाऊन एकमेकांत गुंतलेले, खाली गार सावली. जालन्याची काही मंडळी डोळे मिटून देवळात बसावं तशी बसली होती. सुग्रीवनं आबांनाही बसवलं. वारा सुटला, बांबूवर बांबू घासला आणि जाळीतून कण्हल्यासारखा आवाज आला. आबांनी डोळे उघडले.

"मेंढी अडलीय."

"आबा, बांबू हाय त्यो. डोळे मिटा."

"मला नको शिकवू. पहिलारू हाय, कन्हून राह्यली."

आणि ज्या गुडघ्यांपायी कळप विकला, त्याच गुडघ्यांवर रांगत आबा जाळीत शिरले. आता बोला. आतून त्यांचं चुचकारणं ऐकू येऊ लागलं, तशी बाहेरची समाधी मोडली. एका बाईंनी ओढणी काढून दिली, कुणी पाण्याची बाटली पुढं केली, एकानं तर जनावरांच्या डॉक्टरला फोनच लावला. मेंढी नाहीच, असं सुग्रीव ज्याला त्याला विनवून सांगत होता, पण ऐकतो कोण? फोनच्या स्पीकरवर डॉक्टर विचारत होते, मेंढी कुणाची?

"आमचीच हाय," आतून आबा म्हणाले. "ह्यानं विकली."

सगळ्यांनी सुग्रीवकडं पाहिलं. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग आतला आवाजच बंद झाला. सदरा फाटला तरी सुग्रीव तसाच आत घुसला. वाळल्या पाल्यावर आबा कुशीवर पडले होते, एक हात कुरकुरणाऱ्या बांबूवर, आणि चक्क घोरत होते. इतक्या दिवसांनी. सुग्रीव तिथंच खाली बसला.

"काय झालं हो?" बाहेरून बाईंनी घाबरत विचारलं.

"हळू बोला," सुग्रीव म्हणाला. "मोकळी झाली. कोकरू बी बराबर हाय. जरा पडू द्या त्यांला."