झाकलेला भावफलक

मतदाराचं मन ओल्या मडक्यासारखं असतं, जाहिरातीचं बोट लागलं की ठसा उमटलाच. म्हणून तर निवडणूक आयोगाने आचारसंहिता केली.

कापूस मातीमोल जात होता, त्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळहून नेरकडे जाताना लागणाऱ्या एका कापूस बाजारात भीमराजचं काम एकच, रोज फलकावर खडूने हमीभाव लिहायचा. फलक आमदारसाहेबांनी भेट दिलेला, त्यामुळे त्यावर भावापेक्षा त्यांचा फोटो मोठा होता (भाव लहानच असल्याने जागा पुरत असे).

निवडणूक लागली आणि भरारी पथक आलं. त्यांनी फोटोवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, तर पानावर साहेबांचीच जाहिरात. दुसरं चिकटवलं, त्यात साहेब कपाशीच्या पऱ्हाटीत हात जोडून उभे. चार थरांत साहेब सात वेळा हसले (तशी नोंद आहे). शेवटी पथकाने आख्ख्या फलकावर ताडपत्री टाकली आणि भीमराजला लेखी बजावलं: झाकलेला मजकूर तोंडी सांगणे हाही प्रचार समजण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोहल्ल्यातली प्रभावतीबाई कापसाची गाडी घेऊन आली. पोरीचा, दीपाचा, नर्सिंगचा प्रवेश त्या गाडीवर अवलंबून होता.

"भीमराज, हमीभाव काय हाय रे बाप्पा? व्यापारी म्हणते, सरकारनंच उतरवला."

"मले सांगता येत नाही, मावशी."

"काहून? दात दुखून राह्यले का?"

"आचारसंहिता हाय."

"मंग नुसती मान हालव. उतरवला का?"

मानेबाबत नियम नव्हता. पथकाने वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागवलं (ते निकालानंतर आलं). तोवर भीमराज नोकरीच्या भीतीने मान ताठ धरून उभा राहिला. हमीभाव उतरला नव्हता, तरी व्यापाऱ्याच्या तोंडच्या भावात गाडी रिकामी झाली आणि दीपा वर्षभर घरी बसली. भीमराजला स्वतःची लाज वाटली, पण लाज कळवायला रकाना नव्हता.

साहेब भरघोस मतांनी निवडून आले. प्रभावतीबाईनेही त्यांनाच मत दिलं. "चेहरा वळखीचा हाय," ती म्हणाली.

मग सर्वेक्षण झालं: जाहिरातींचा आपल्यावर परिणाम झाला काय? तालुक्यातल्या शंभर टक्के मतदारांनी 'नाही' लिहून दिलं, प्रभावतीबाईनेही आणि भीमराजनेही. त्यावरून अहवालात निष्कर्ष निघाला, की जाहिरात पाहून मत देणारा माणूस या तालुक्यातला नाही, तो बाहेरचा कोणीतरी असावा. त्याचा शोध चालू आहे.

तुमचं गाव कोणतं म्हणालात?