सरासरीने शांत पाणवठा

मुलांनो, एका जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरला होता. बाकीची तळी आटली होती, आणि हे वाघालाही ठाऊक होतं.

त्या जंगलातली सावधगिरीची पद्धत फार मागासलेली होती. झाडावरून हुप्प्या वानर खाकरला, माळावरून टिटवी ओरडली किंवा बांबूतून मोर केकाटला, की सगळे पळत. कारण विचारायला कुणी थांबत नसे. थांबणारे पूर्वी होते म्हणतात.

पद्धतीत दोष होताच. वाळकी फांदी पडली तरी हुप्प्या खाकरायचा आणि हरणं तहानलेलीच पळायची. टिकली नावाच्या चितळीचं पाडस तर पाण्यावाचून इतकं सुकलं होतं, की त्याला धड उभं राहवेना.

अशा वेळी कोल्हेसाहेब शेजारच्या जंगलातून शिकून आले. त्यांनी सभेला समजावलं, की दोष हुप्प्याचा नाही, कमी ऐकण्याचा आहे. जिथे एकदा ऐकता, तिथे शंभरदा ऐका आणि सरासरी काढा. एकटादुकटा आवाज आपोआप विरतो. शिवाय ऐकण्याच्या प्रत्येक ठाण्याला काय टिपायचं ते हवं तसं बदलता येईल. हे शेवटचं कुणाला कळलं नाही, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

हुप्प्या, टिटवी आणि मोर यांच्याशेजारी एकेक पोपट बसला. पोपट क्षणाक्षणाला ऐकलेला नमुना सांगत, शांत, शांत, शांत. पाण्याकाठच्या खडकावर बसून कोल्हेसाहेब सरासरी काढत. मोराने आपलं ठाणं बदलून घेतलं आणि तो फक्त ढगांचा आवाज टिपू लागला. नियम एवढाच, की सरासरी जाहीर होईपर्यंत कुणी पळायचं नाही.

खरं सांगायचं तर सुरुवातीला व्यवस्था छान चालली. फांद्या पडल्या, कुणी हललं नाही. पाडस पोटभर प्यायलं, त्याच्या पायांत बळ आलं. टिकलीने साहेबांचे आभारही मानले.

मग एका दुपारी पाडसाने पाण्याला तोंड लावलं आणि हुप्प्या खाकरला.

टिकलीने कान टवकारले. "साहेब, हुप्प्याआजोबा खाकरले."

"एकदाच," कोल्हेसाहेब म्हणाले. "बाकी सगळं शांत आहे. पाजा निवांत."

"पण तिकडे गवत हललं."

"गवताचं ठाणं अजून मंजूर नाही, बाई."

वरून हुप्प्या म्हणाला, "टिकले, तुझे कान तुझ्याकडेच आहेत ना? की तेही साहेबांकडे जमा केलेस?"

टिकलीने पाडसाला ढुशी दिली आणि दोघं उधळली. वाघाची झेप हुकली. पण झेप घेतली की कुठेतरी पडावंच लागतं. ती खडकावर पडली. कोल्हेसाहेब तेव्हा पोपटांकडे आणखी शंभर नमुने मागत होते.

दुसऱ्या दिवशी रीतसर चौकशी झाली. पोपटांनी सगळं म्हणून दाखवलं. कोल्हेसाहेब जवळजवळ प्रत्येक नमुन्यात जिवंत होते, फक्त अगदी शेवटच्यात नव्हते. सरासरीने ते जिवंत ठरले आणि पद त्यांच्याकडेच राहिलं. सरासरीआधी पळाल्याबद्दल टिकलीला मात्र सक्त समज मिळाली.

तिने ती मान खाली घालून ऐकली. एक कान तेवढा गवताकडे होता, कारण पाडस पाणी पीत होतं.

तात्पर्य: वाघ एकदाच येतो, म्हणून शास्त्रशुद्ध मोजमापात त्याला धरू नये.