उदयसिंहांचं कोमट पाणी

आरओच्या नळीतून एक थेंब पडला. पुढचा पडेपर्यंत उदयसिंहांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी नळी आपली कोरडी. जानेवारीतली सकाळ होती. वर्षभर घाम पुसण्यात जाणाऱ्या सुकापुरातही लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघाले होते.

हॉलमधल्या काचेच्या टाकीत डिस्कस माशांच्या जोडीने उलट्या ठेवलेल्या कुंडीवर अंडी घातली होती. याआधीही दर थंडीत घातली होती आणि दरवेळी ती पांढरी पडून फुकट गेली होती. त्यामुळे पद्मजाबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "ही शेवटची संधी. यंदा पिल्लं झाली नाहीत, तर टाकी वरच्या देवेशला द्यायची आणि इथे माझं शिलाई मशीन येणार." निवृत्तीनंतर उदयसिंहांच्या हुकमतीखाली घरातली एवढी एकच जागा उरली होती. ती जाणार या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

माशांना शुद्ध पाणी हवं, यावर त्यांची अढळ श्रद्धा. आरओचं पाणी रात्रभर बाल्कनीतल्या पिंपात साठवायचं आणि सकाळी ते स्वच्छ, थंडगार पाणी टाकीत ओतायचं, हा त्यांचा नेम. पण या थंडीत पिंपाचा तळसुद्धा झाकेना.

"काका, गार पाण्यात मेंब्रेन, म्हणजे आरओच्या पोटातली गाळणी, आळशी होते," देवेश म्हणाला. तो कॉम्प्युटरवाला, आणि कुठल्याही विषयावर वाचलेलं असणारा. "पंचवीस डिग्रीचं पाणी द्या, मग बघा कशी पळते ती."

झालं. देवेशने आरओची नळी बाथरूममधल्या गिझरच्या नळाला जोडली, थंड-गरम बेताने मिसळलं, आणि खरोखरच बारीक धार लागली. उदयसिंह लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे बाकी राहिले.

पण आरओचा स्वभाव असा, की तांब्याभर शुद्ध पाणी देताना तो तीन तांबे वाया घालवतो. आता वाया जाणारं पाणीही कोमट होतं.

"गिझरचं पाणी गटारात सोडताय? अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" पद्मजाबाई कडाडल्या.

उदयसिंहांनी घाईघाईने वाया जाणाऱ्या पाण्याची नळी दारातल्या बादलीत सोडली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा जगन वर आला. ही इमारत उभी राहिली ती त्याच्या आजाच्या भातखाचरावर, त्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही दारात तो हक्काने उभा राही.

"काका, कोमट पानी हाय का? आपला सोलर दिवालीपासून बंद हाय. आयेला आंघोल घालाची हाय."

"ने की! वायाच जातंय!"

जगनची बादली जिना उतरली आणि बातमीही उतरली. बघता बघता जिन्यात बादल्यांची रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरची मिताली तर बाळाचा टबच घेऊन आली. निवृत्तीनंतर ज्यांना लिफ्टमध्येसुद्धा कोणी नमस्कार करत नव्हतं, ते उदयसिंह मगाने पाणी वाटू लागले.

"तुमी देवमानूस हाव, काका," जगन दुसऱ्या फेरीला म्हणाला.

इकडे पद्मजाबाई आंघोळीला गेल्या. नळाला गार पाणी! "अहोऽऽ!" अशी हाक जिन्यापर्यंत गेली, पण देवमाणूस रांगेत गुंतलेले. बाईंनी रागारागाने गिझरचं बटण शेवटपर्यंत पिळलं, थंड पाण्याचा नळ बंद केला आणि पाणी तापेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसल्या.

थोड्या वेळाने चमत्कार झाला. आरओच्या नळीतून करंगळीएवढी धार सुरू झाली. "मेंब्रेन खूश झालं!" उदयसिंह ओरडले. पिंप भरलं. कढत पाणी निवून कोमट झाल्याबरोबर त्यांनी बादल्याच्या बादल्या टाकीत ओतल्या.

मग देवेश पाण्यातले क्षार मोजायचं मीटर घेऊन आला. त्याने पिंपातलं पाणी मोजलं, नळाचं मोजलं, आणि चेहरा पाडला. "काका, दोन्हीकडे आकडा सारखाच येतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मेंब्रेन उकडलं. हे नळाचंच पाणी आहे, आरओमधून फेरफटका मारून आलेलं. कोळशाचा फिल्टर शाबूत आहे म्हणून क्लोरीन तेवढं गेलं."

उदयसिंह मटकन खाली बसले. नवीन मेंब्रेन यायला दोन-चार दिवस लागणार होते. टाकीकडे बघून त्यांना भडभडून आलं. "जायचीच असतील बिचारी," ते पुटपुटले, "तर निदान थंडीने कुडकुडत नकोत." आणि रोज सकाळी ते तेच साधं पाणी कोमट करून टाकीत घालत राहिले. पद्मजाबाईंनी हॉलमध्ये मशीनसाठी टेपने मापं घेतली, ती त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

मापं घेता घेताच एका सकाळी बाई थबकल्या. "अहो, इकडे या! कुंडीवर काहीतरी वळवळतंय!"

उदयसिंह चष्मा शोधत धावले. चष्मा कपाळावरच होता. कुंडीवर इवल्या इवल्या शेपट्या हलत होत्या, आणि आईबाप दोघं जागचे हलायला तयार नव्हते. उदयसिंहांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी अजिबात लपवले नाहीत.

पिल्लं सुटी होऊन आईबापाच्या अंगाला बिलगली, त्या दिवशी देवेश पुडकं घेऊन हजर झाला. "काका, नवीन मेंब्रेन! आता पुन्हा शंभर टक्के शुद्ध पाणी!"

"ठेव ते तिकडे," पद्मजाबाई म्हणाल्या. "शुद्ध म्हणे! इतकी वर्षं हे ऐन थंडीत बाळंतिणीच्या अंगावर सकाळी सकाळी गार पाणी ओतत होते. कशी व्हावीत पिल्लं?"

उदयसिंहांनी चाचरत विचारलं, "मग... मशीन?"

"बेडरूममध्ये मावेल. मापं घेतलीत मी." त्यांनी बादलीत कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घेतला. "सरका. तुम्हाला नाही जमायचं."

दारात जगनची बादली वाजली. "काकी, आज पानी नाय का?"

"थांब रे जरा," पद्मजाबाई आतून म्हणाल्या. "आधी आमच्या बाळंतिणीचं होऊ दे."