कुरतडलेल्या मुळ्यांची साक्ष

प्रयोगशाळेतला नळ कोरडा पडला, तो नेमका समिती यायच्या दिवशी. आदल्या दिवशी पडला असता तर नळाचं काय बिघडलं असतं? कीटकशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला, दोन टोपल्या उचलल्या आणि त्या कँटीनमागच्या ओट्यावर मुळे धुवायला गेल्या.

एका टोपलीतले मुळे निवांत वाढलेले होते. दुसरीतल्यांच्या कुंड्यांत बाईंनी स्वतःच्या हाताने अळ्या सोडल्या होत्या. दोन वर्षं बाईंचं एकच म्हणणं होतं. जमिनीखाली अळी कुरतडायला लागली की मुळा मुकाट सोसत नाही, अंगातलं झणझणीत द्रव्य वाढवतो आणि अळीचं तोंड पोळवतो. संचालकांना हे मुळीच पटत नव्हतं. भाजीला राग येतो असं कागदावर लिहिलं तर लोक हसतील, असं ते चारचौघांत म्हणायचे. प्रकल्प बंद करावा अशी शिफारसही त्यांनी केली होती आणि जेवणानंतर समिती त्यावर सही करणार होती. त्याआधी या मुळ्यांतलं द्रव्य यंत्रावर मोजून दाखवायचं, एवढी एकच वाट बाईंना उरली होती.

मुळे धुवून होतात तोच संचालकांचा निरोप आला, फाइल घेऊन आत्ताच्या आत्ता या. बाई टोपल्या तिथंच ठेवून धावल्या. आता संस्थेचा रिवाज असा, की शेतावरची जादा भाजी ओट्यावर ठेवायची आणि आचाऱ्याने ती बिनधास्त उचलायची. बाई अकरा वर्षं तिथं होत्या, रिवाज त्यांना पाठ होता. पण संचालकांचं बोलावणं आलं की माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ.

परत येऊन बघतात तर ओटा लख्ख. आत आचारीमामा मोठ्या हौसेने सांगायला लागले, की डाग नसलेले मुळे पाहुण्यांच्या ताटात वाढलेत आणि अळीने खाल्लेले छाटून संचालकांच्या. घरच्या माणसाला चालतं, पाहुण्यांपुढे शोभत नाही. बाईंना रडू आलं. दोन वर्षांची मेहनत चकत्या होऊन, मीठ लावून जेवायला वाढली गेली होती.

जेवणघरात समितीच्या अध्यक्षबाई मुळ्याचं कौतुक करत होत्या, किती कोवळा, किती गोडसर. ते ऐकून संचालकांनी दोन चकत्या एकदम तोंडात टाकल्या. आधी त्यांचे कान लाल झाले, मग नाक आणि डोळे दोन्ही वाहायला लागले. पाणी प्यायले तरी आग जाईना. बोलता आलं तेव्हा त्यांनी आचाऱ्यावर मिरची चोळल्याचा आरोप केला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मामांचा चेहरा उतरला. बाई दारातच उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर त्यांची चूक कुणाला कळलीही नसती. पण मामांकडे बघून त्यांचं डोकं असं फिरलं, की त्या थेट टेबलापाशी गेल्या.

"मामांचा काही दोष नाही. ते मुळे माझ्या प्रयोगातले आहेत. ओट्यावर मी विसरले."

"प्रयोगातले? विषबिष फवारलंय की काय त्यावर?"

"थेंबभरसुद्धा नाही, साहेब. तुमच्या ताटातल्यांना अळ्यांनी छळलं होतं, पाहुण्यांच्या ताटातल्यांना नाही. फरक तेवढाच. काढायचंच असेल तर मला काढा. पण त्याआधी, मुळा स्वतःसाठी काही करत नाही, हे आता सगळ्यांसमोर म्हणून दाखवा."

संचालकांची म्हणायची इच्छा फार होती. पण जीभ उचलेना.

अध्यक्षबाईंनी हात लांब केला, संचालकांच्या ताटातली एक चकती खाल्ली आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी फाइल मागवली. एका जेवणावर निकाल द्यायची आपली पद्धत नाही, असं त्या म्हणाल्या. प्रकल्प आणखी एक वर्ष चालेल. मोजमाप यंत्र करेलच, पण माणसाच्या जिभेनेही पारख व्हायला हवी. आणि चव घेणारा बाईंच्या बाजूचा नको, त्यांच्या म्हणण्यावर काडीचाही विश्वास नसलेला हवा.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. मामांनीसुद्धा.

संचालकांनी डोळ्यांवरचा रुमाल काढला. "किती वेळा घ्यायची चव?"

"दर सोमवारी, साहेब," बाई म्हणाल्या. "उपाशीपोटी."